कुठल्या सालातलं सांगू?

माझ्या लेकीने माझ्या वडिलांपुढे मोबाईल धरला आणि विचारलं, "आबा, समजा एक शिडी आहे. खालची पायरी शून्य, वरची दहा. दहा म्हणजे तुमच्या मते चांगल्यात चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे वाईटात वाईट. तर तुम्ही कितव्या पायरीवर आहात?"

आबा खिडकीपाशी बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी पंचाला हात पुसले, जरा विचार केला आणि म्हणाले, "कुठल्या सालातलं सांगू?"

फॉर्ममध्ये साल विचारलेलं नव्हतं. लेक अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्पासाठी तिला साठीच्या पुढची तीस माणसं गाठायची होती, आणि आजी-आजोबा घरातच असल्यामुळे दोन फॉर्म बसल्या जागी भरून होणार होते. "आत्ताचं सांगा, आबा." "आत्ताचं सात लिही," आबा म्हणाले. तिने सातवर बोट ठेवलं आणि पुढचा प्रश्न काढला. आबा मात्र शिडीवरच राहिले. रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते तेव्हा रिक्षात, मधेच काहीतरी हिशेब लागल्यासारखे म्हणायचे, "एक्क्याऐंशीला सहा असंल." थोड्या वेळाने, "साडेसहा."

ही शिडी हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. साठ वर्षांपूर्वी त्याने ती वापरात आणली. आज जगभरच्या आनंदाचा जो अहवाल दरवर्षी २० मार्चच्या सुमारास येतो, त्यातली क्रमवारी याच एका प्रश्नाच्या उत्तरांवर उभी असते. २०२५च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा होता आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. आपल्याकडे त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रकारचे निरोप फिरतात. नेपाळ आणि पाकिस्तान आपल्या पुढे कसे, म्हणून संताप. नाहीतर अध्यात्माच्या देशाला गोऱ्यांनी सुख शिकवू नये, म्हणून टोमणा. मीही असले निरोप पुढे ढकललेत. शिडी घरात आली आणि आबांनी साल विचारलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की या प्रश्नाचं खरं उत्तर एका आकड्यात मावत नाही, त्याला तारीख लागते. आणि आबांच्या आयुष्यातल्या मोठ्या तारखा त्यांनी स्वतः ठरवलेल्याच नाहीत.

आबा पाटण तालुक्यातले. १९६४ साली वयाच्या विसाव्या वर्षी मुंबईत आले ते गावकीच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस माणसं. एकाची रातपाळी संपली की त्याने अंथरलेल्या वळकटीच्या जागी दुसऱ्याने पसरायचं. गिरणीत लागले ते बदली म्हणून. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी पास घेऊन दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर आत, नसेल तर घरी. सात वर्षं असं उभं राहिल्यावर ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. मी जन्मले त्याच साली, त्यामुळे माझा पायगुण चांगला अशी घरात समजूत होती. ती पुढे अकरा वर्षं टिकली.

एक्क्याऐंशीचं साडेसहा कशाचं, ते मला आठवतं. काळाचौकीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, सामाईक नळ, पहाटेचा भोंगा. पहिली पाळी सातची. भोंगे एका सुरात नसत. कोणत्या गिरणीचा कोणता, ते बायका स्वयंपाक करता करता ओळखत. आमची घड्याळं ती. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्यातले काही गावाला मनीऑर्डरने आजीला, वाण्याचे वाण्याला. पैसा पुरायचा असं नाही, पण केव्हा येणार ते माहीत असायचं. आईला उधारी मिळायची ती आबांच्या पगारावर नव्हे, पगाराच्या तारखेवर. आबांच्या फुप्फुसात कापसाची पूड जात होती, साच्यांच्या खडखडाटाने कान बधिर होत चालले होते, वरच्या अडीच-तीन पायऱ्या अशा गेल्या असाव्यात. शिवाय त्या दिवाळीचा बोनस. १९८१च्या बोनसवरूनच सगळं पेटलं.

पैशाने सुख वाढतं का, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. रिचर्ड ईस्टरलिनने १९७४ साली दाखवलं की एका देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा समाधानी असतो, पण सगळा देश श्रीमंत होत गेला म्हणून सरासरी समाधान त्या मानाने चढत नाही. तेव्हापासून त्याला खोडणारे आणि उचलून धरणारे, दोन्ही निघाले. लेक मला हे तावातावाने समजावते आणि मी भाजी निवडत ऐकते. मला वाटतं, हा सगळा वाद पैसा किती याचा आहे. आमच्या घरात पैसा किती हा प्रश्न रोजचाच होता, त्याची सवय होती. माणूस मोडला तो पैसा कधी, या प्रश्नाने.

साडेसहा झालं. आता आबांनी त्यानंतरच्या सालाला दिलेला आकडा ऐका. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाले, "ब्याऐंशीच्या फेब्रुवारीला नऊ."

घरी येऊन लेकीला सांगितलं तर तिने माझ्याकडे बघत विचारलं, "पगार बंद असताना नऊ?"

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला, सोमवार होता. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदलींना कायम करा अशीही होती, पण गेटसभेतून आलेले आबा घरी बोलायचे ते एका कायद्याबद्दल. १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यानुसार गिरणी कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराला ती संघटना नको असली तरी मालकाशी बोलणार तीच. आबा म्हणत, देशाचं सरकार मला चिठ्ठी टाकून बदलता येतं, माझी युनियन बदलता येत नाही. त्यांचं शिक्षण सातवी. पण या वाक्यात त्यांना कोणी चूक काढून दाखवलेली मी ऐकली नाही.

म्हणून हे लोक घाटकोपरला दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत पेशाने डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. पहिले दोन महिने चाळीत लग्नघर असावं तसं होतं. मोर्चे, सभा, गावाकडून आलेली ज्वारीची पोती, जिन्यात बसून भाषणांच्या नकला. आबा एरवी घुमे. त्या दिवसांत ते बोलायचे, मला खांद्यावर घेऊन (मी दहा-अकरा वर्षांची घोडी होते) मोर्चा दाखवायचे. आई सांगते, "तेवढे दोन महिने तुझ्या बापानं जेवताना मीठ कमी म्हणून ताट सरकवलं नाही."

लेकीला आईचा दाखला पुरेना, तिला संशोधन हवं होतं. तिनेच मग शोधून आणलं. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुटझर या दोघांनी स्वित्झर्लंडमध्ये सहा हजारांवर लोकांच्या मुलाखती तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष मांडले. तिथल्या २६ कँटनांत, म्हणजे प्रांतांत, लोकांना थेट मतदानाने कायदे ठरवण्याचे अधिकार कमीजास्त आहेत. जिथे हे अधिकार जास्त, तिथली माणसं जास्त समाधानी आढळली, उत्पन्न वगैरे जमेस धरूनही. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे तिथेच राहणाऱ्या परदेशी लोकांना, ज्यांना मत नाही, या समाधानातला वाटा कमी मिळाला. त्याच सरकारचा कारभार, तेच रस्ते, तेच दवाखाने, तरी कमी. म्हणजे चांगल्या निर्णयाचा फायदा वेगळा आणि निर्णयात आपला शब्द आहे याचं सुख वेगळं. आबांच्या नऊमध्ये पगार शून्य होता, शब्द पुरा होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

इथे मला सामंतांविषयी बोललं पाहिजे, कारण आमच्या घरात त्यांच्याविषयी दोन मतं आहेत आणि दोन्ही जेवणाच्या ताटावर बसतात. आबा अजून 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. मला वाटतं, सामंतांचा अंदाज चुकला. अनेक गिरण्यांत माल पडून होता, यंत्रं जुनी झाली होती, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. काही मालकांना बंद गिरणी चालू गिरणीपेक्षा परवडणार होती. दिल्लीत इंदिरा गांधींचं आणि इथे मुख्यमंत्री बाबासाहेब भोसल्यांचं सरकार नमायला तयार नव्हतं. हे कामगारांना कोणीतरी वेळेत सांगायला हवं होतं. आबांचं म्हणणं, सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. डिसेंबर १९८४मध्ये, काँग्रेसच्या देशभरच्या लाटेत, संप हरलेल्या गिरणगावाने सामंतांना खासदार केलं. चिठ्ठी टाकून जे बदलता येत होतं तेवढं बदललं. १६ जानेवारी १९९७ला पवईत सामंतांचा खून झाला, त्या रात्री आबा जेवले नाहीत.

संप मात्र कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावात अजून कोणीतरी म्हातारा हसत म्हणतो, आमचा संप चालू आहे. विनोद चांगला आहे, पण त्यात जो त्रास आहे तो मी घरात पाहिलाय. लढाई हरलो असं सांगणारा दिवसच उगवला नाही, म्हणून दुसरं काही सुरू करायचा दिवसही उगवला नाही. एप्रिल गेला, पाऊस आला, गणपती आले. आबा पहाटे उठायचे. भोंगा नव्हता तरी जाग यायचीच. अंघोळ करून, केस विंचरून कठड्याशी उभे. दूध आणायला जायचे ते तासाभराने परतायचे. पूर्वी कामावर जाताना त्यांच्या मागे मला पळावं लागायचं. आता मी पुढे जाऊन थांबायचे.

पुढे कॉलेजात मला मारिएन्थालची गोष्ट वाचायला मिळाली आणि अंगावर काटा आला. व्हिएन्नाजवळचं हे खेडं एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९-३०मध्ये मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झायसेल आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. ४७८ कुटुंबं, त्यातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश घरांत कुणालाच काम नाही. या लोकांनी काय काय मोजावं! खिडकीआड बसून, रस्त्याने जाणारा माणूस किती वेगाने चालतो आणि किती वेळा थांबतो, ते मोजलं. पुरुष वारंवार थांबत होते, बायका झपझप जात होत्या. वाचनालयाची वर्गणी रद्द करूनही पुस्तकं नेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं होतं, वेळ मुबलक असताना. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलं, असं पुरुषांना लिहायला सांगितलं तर त्यांना आठवेना. मुलांना उठवलं आणि मग जेवायची वेळ झाली, मधलं काही नाही.

आमच्या चाळीच्या वाचनालयात संपाच्या सुरुवातीला पेपरासाठी झटापट व्हायची. दिवाळीनंतर पेपर संध्याकाळपर्यंत कोरा करकरीत राहायचा. मी गोष्टीचं पुस्तक बदलायला जायचे तेव्हा आत बसलेले बाप्ये मला बघून दचकायचे, जणू चोरी करताना सापडले.

मारिएन्थालमधली आणखी एक नोंद मला फार जवळची आहे. उपासमारीच्या काठावर असलेल्या घरांत मधेच काहीतरी भलतीच खरेदी झालेली दिसायची. पन्नाशीच्या एका बाईने हप्त्यावर केस कुरळे करायचा चिमटा घेतला होता. आमच्या घरी आबांनी चोरबाजारातून गजराचं घड्याळ आणलं. तीन महिन्यांचं खोलीभाडं थकलेलं, आणि हे निळ्या तबकडीचं, दोन घंटांचं, दिवसाला दहा मिनिटं पुढे पळणारं घड्याळ. आई काही वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उठून जायचंय कुठं?" आबांनी उत्तर दिलं नाही. रोज रात्री ते त्याला किल्ली द्यायचे. चुकीची वेळ दाखवायचं ते, पण वाजायचं.

त्र्याऐंशीला किती, हे मी विचारलं नाही. आबांनी आपणहूनच सांगितलं, "तवा शिडीच नव्हती." वर्ष उलटल्यावर लोक एकेक करून पोलीस बंदोबस्तात कामावर जायला लागले होते. माझ्या मैत्रिणीचे वडील त्यातले. आमच्या मजल्यावर त्यांच्याशी बोलणं बंद झालं. मीही तिच्याशी सागरगोटे खेळणं सोडलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मारिएन्थालमध्ये बेकारभत्ता घेणाऱ्याने कुठे चार पैशांचं काम केलं तर भत्ता जायचा, आणि अशांविरुद्ध निनावी तक्रारी वाढत गेल्या होत्या. गरिबी माणसांना जवळ आणते असं म्हणतात. आणते, पहिले काही महिने. मग ज्या चार माणसांच्या आधारावर माणूस उभा असतो, त्यांच्याच हातातल्या पिशवीकडे त्याची नजर जायला लागते. ती मैत्रीण मला अलीकडे फेसबुकवर सापडली. तिच्या वडिलांना परत घेताना माफीनामा लिहून घेतला होता, आणि चार वर्षांनी गिरणीतलं ते खातंही बंद झालं. हे तिने एका ओळीत लिहिलं आणि पुढे नातवाचा फोटो टाकला.

आबांना गिरणीने बोलावलं नाही. ते ठाण्यात एका सोसायटीत वॉचमन झाले, बारा तासांची ड्यूटी. पंच्याऐंशीला तीन, नव्वदला चार, आम्ही कळव्याला आलो तेव्हा पाच. "तुझं लग्न झालं तेव्हा सहा, जावई भला निघाला म्हणून साडेसहा." हे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. लेकीच्या फॉर्मपेक्षा माझा प्रकल्प चांगला चाललाय.

आणि आई? लेकीने आईला शिडी विचारली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "मला कधी वेळ होता शिडी चढायला? पाच लिही. थांब, सहा लिही. तुझ्या आबांपेक्षा एक कमीच बरा, नाहीतर रुसतील." आईची खाणावळ होती. गावकीच्या खोल्यांत राहणारे सतरा मेंबर दोन वेळ जेवायचे, पैसे महिन्याच्या महिन्याला पगार झाल्यावर. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून बँकेची कर्जं मिळायला लागली. आईला कर्जाचा धीर झाला नाही. तिने पाटल्या मोडल्या. कारण संप सुरू झाल्यावर मेंबरांकडे पैसे नव्हते, आणि जेवायला येऊ नका असं तिच्या तोंडून निघेना. भात कमी झाला, आमटी पातळ झाली, रविवारचं मटण गेलं, पण पंगत मे महिन्यापर्यंत चालू होती. मग मेंबरच एकेक करून गावाला निघून गेले.

लेकीच्या फॉर्मात एक प्रश्न होता: तुमचं पाकीट हरवलं तर ते परत मिळेल असं तुम्हाला वाटतं का? मला हा प्रश्न आधी बालिश वाटला. पण २०२५च्या अहवालाचा भर यावरच होता. पाकीट परत मिळेल या विश्वासाचा आणि समाधानाचा संबंध फार घट्ट निघालाय. शिवाय हे नुसतं विचारून ठेवलेलं नाही. काही संशोधकांनी ४० देशांत सतरा हजारांवर पाकिटं मुद्दाम 'हरवून' पाहिली आणि २०१९ साली निकाल छापला. पाकिटात पैसे जास्त, तर ती परत येण्याचं प्रमाणही जास्त, बहुतेक सगळीकडे. लोक समजतात त्यापेक्षा लोक बरे असतात.

"पाकीट मी कधी वापरलंच नाही," आई म्हणाली आणि कपाटातून वही काढायला सांगितली. पिवळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. सतरा नावं, प्रत्येकापुढे पाच महिन्यांच्या खुणा. आईला लिहायला नीट येत नाही, म्हणून जेवणाला उभी रेघ आणि खाड्याला टिंब. सतरांपैकी बारांच्या पानावर आडवी काट आहे, म्हणजे पैसे आले. कुणी सहा महिन्यांनी दिले, कुणी सात वर्षांनी. एकाने पाटणहून चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली होती, निरोपाच्या जागेत दोनच शब्द: 'बाकी ६२'. एक जण १९८९मध्ये मोठ्या झालेल्या पोराला घेऊन आला, पैसे ठेवले, सोबत घेवड्याची पिशवी ठेवली आणि पोराला म्हणाला, पाया पड. आईने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि आबा म्हणाले, याचं पुन्हा मांडून ठेव.

"राहिलेल्या पाचांचं काय, आजी?"

"दोघं वारले. तिघं येतील की."

त्रेचाळीस वर्षं झाली. लेकीने पाकिटाच्या प्रश्नाला 'नक्की मिळेल' असं उत्तर नोंदवलं.

मी आईच्या कष्टांचा गौरव करायला बसलेले नाही. तिचे दात चाळिशीतच गेले, अंगात रक्त नसायचं, आणि आबा कठड्याशी उभे असताना ती पहाटे चारला पीठ मळायची, याचा राग तिने कधी बोलून दाखवला नसला तरी परातीच्या आवाजात तो यायचा. मारिएन्थालच्या बायका झपझप का चालत होत्या, ते तिला विचारा. घरी काम पडलं होतं म्हणून.

फिनलंड पहिला येतो तेव्हा आपण म्हणतो, तिथे काय, माणसं कमी, पैसा जास्त. पण १९९० साली तीन-साडेतीन टक्के असलेली तिथली बेकारी १९९४पर्यंत सोळा टक्क्यांच्या वर गेली होती. शेजारचा सोव्हिएत संघ कोसळला, त्यासोबत व्यापार गेला, बँका बुडायला आल्या. एवढं होऊनही तिथल्या पाहण्यांत लोकांच्या सरासरी समाधानात तशी पडझड दिसली नाही. काम गेलेला माणूस तिथेही दुःखीच होता, पण त्याचा दवाखाना, पोरांची शाळा, डोक्यावरचं छप्पर कामासोबत गेलं नव्हतं. आमच्याकडे भोंगा थांबला आणि त्यामागोमाग वाण्याची उधारी, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं औषध, आईची खाणावळ, गावची मनीऑर्डर, सगळं एकाच खुंटीवरून खाली आलं. एकाच खुंटीवर सगळं टांगायला कुणी शिकवलं होतं, असं कुणी आबांना विचारलं तर मला राग येईल. दुसरी खुंटी ठोकायला भिंत होती कुठे?

आता आबांचं आजचं सात. त्यात काय काय आहे ते मला ठाऊक आहे: कळव्याची दोन खोल्यांची जागा, वेळेवर गोळ्या, संध्याकाळी भजनी मंडळ, नातीचं एम.ए. आणि दहाला तीन कमी कशाचे, तेही ठाऊक आहे. त्यातला निदान एक म्हाडाकडे आहे.

१ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर नाव असलेल्या गिरणी कामगारांना मुंबईत घर द्यायचं ठरलं. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. जून २०१२मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, घरं सात हजारांना कमीच. घरं एवढी थोडी का, याचं उत्तर मुंबईच्या बांधकाम नियमावलीच्या एका कलमात आहे. १९९१च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या भागापुरती राहिली, गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, हे सगळ्यांना दिसतं. कलमातले ते दोन-चार शब्द कुणाला दिसत नाहीत, पण आबा ज्या पायरीवर उभे आहेत तिची उंची त्या शब्दांनीच ठरवलीय. आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं घ्या म्हणतात. आबा म्हणतात, "गिरणी काय वांगणीला होती?"

प्रत्येक सोडतीच्या वेळी आबांची तीच तयारी. अर्जाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रेशनकार्डात. यादी आता ऑनलाइन लागते. पूर्वी जावई बघायचा, आता नात. नाव लागलेलं नाही. दरवेळी ते म्हणतात, पुढच्याला बघू, आणि पावती पुन्हा पिशवीत घालतात.

काल संध्याकाळी लेक तिचे फॉर्म तपासत बसली होती. आबांनी हाक मारली.

"माझं सात लिवलंयस न्हवं? ते नंतर खोडता येतं का?"

"सबमिट केलं की नाही येत, आबा."

"केलंस?"

"नाही अजून. रविवारी सगळे एकदम पाठवणार आहे."

आबांनी गुडघ्यावरचा पंचा सारखा केला. आतून आईने विचारलं, भाकरी टाकू का.

"मग थांब जरा," आबा म्हणाले.